मोमिनाबादची छावणी व कंटिंजंट फौजेच्या खर्चाचा वाद

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव मराठी वाचकाला मुख्यतः मुकुंदराजांच्या समाधीमुळे, दासोपंतांच्या विपुल ग्रंथरचनेमुळे आणि योगेश्वरीच्या देवस्थानामुळे परिचित आहे. निजामी अमलात या गावास मोमिनाबाद हे नाव मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकातील लष्करी कागदपत्रांत ते याच नावाने वारंवार भेटते. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेच्या घोडदळाचे ते एक ठाणे होते. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, हिंगोली, लिंगसुगूर या छावण्यांच्या मालिकेत मोमिनाबादची गणना होत असे. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि तिच्याबरोबर छावणीचा इतिहासही संपला.

या छावणीवर झालेला खर्च कोणी द्यावयाचा, तो किती असावा हे कोणी ठरवावयाचे, आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांवर हैदराबाद दरबार आणि इंग्रज सरकार यांच्यात जवळजवळ एक शतक वाद चालला. वऱ्हाडच्या राजकारणाचा विचार करताना अभ्यासकांनी या वादाकडे बहुधा मुलुखाच्या दृष्टीने पाहिले आहे. प्रस्तुत लेखात तोच वाद लष्करी खर्चाच्या दृष्टीने तपासावयाचा आहे. आणि त्या खर्चाच्या आकड्यांत प्रत्यक्ष स्वाराला, विशेषतः सेवेतून बाहेर पडलेल्या स्वाराला, कोणते स्थान होते, तेही पाहावयाचे आहे.

१. फौजेचा उगम आणि तहातील आधार

दोन निरनिराळ्या फौजांचा घोटाळा टाळणे येथे प्रथम आवश्यक आहे. १७९८ च्या तहाने निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली व तिच्यासाठी सालीना २४,१७,१०० रुपये देण्याचे मान्य केले. १२ ऑक्टोबर १८०० रोजी झालेल्या तहाने ही फौज आठ हजार पायदळ व एक हजार घोडदळ इतकी वाढविण्यात आली; आणि तिच्या खर्चापोटी, १७९२ व १७९९ च्या म्हैसूर युद्धांत निजामाच्या वाट्यास आलेला मुलूख कंपनीस कायमचा तोडून देण्यात आला. म्हणजे तैनाती फौजेचा खर्च निजामाने मुलुखाच्या रूपाने एकदाच व पुरता चुकविला होता.

कंटिंजंट ही या तैनाती फौजेहून वेगळी होती. १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमात असे ठरले होते की, युद्धप्रसंगी निजामाने आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. कलमातील शब्द युद्धकाळापुरते आहेत. शांततेच्या काळात अशी फौज इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली बारमाही ठेवावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. परंतु १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात निजामाच्या सैन्याची कामगिरी निकृष्ट ठरली, आणि ते सुधारले पाहिजे ही मागणी रेसिडेन्सीतून होऊ लागली. १८११ ते १८२० या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल याने ती अमलात आणली. १८१३ च्या सुमारास रसेल ब्रिगेड उभी राहिली; पुढे थोड्याच वर्षांत औरंगाबाद विभागातील घोडदळही इंग्रज सरदारांच्या हाताखाली आणण्यात आले. दरबारातील सर्व सूत्रे ज्याच्या हाती होती त्या चंदुलालाने या व्यवस्थेस विरोध केला नाही. त्याचे स्थान रेसिडेंटच्या पाठिंब्यावर अवलंबून होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे कारण उघड होते.

या फौजेचा उपयोग मुळीच झाला नाही असे म्हणता येणार नाही. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव याने केलेले बंड मोडण्यास हेच सैन्य धाडण्यात आले, आणि १८१९ च्या आरंभी हिंगोलीजवळच्या नोव्हा येथील गढीचा वेढा तिच्या इतिहासातील एक ठळक प्रसंग मानला जातो. निजामाच्या अन्य फौजांची, अरब, रोहिले व इतरांची, स्थिती पाहिली तर कंटिंजंटच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडता येतो. त्या फौजांचे पगार वर्षानुवर्षे तुंबत. अरब जमादार दरबारास कर्ज देत व त्याच्या तारणापोटी तालुके ताब्यात घेत. पगार न मिळालेला शिपाई रयतेवर तुटून पडे. याउलट कंटिंजंटचा पगार ठरल्या वेळी होत असे. इंग्रज समर्थकांचा हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र ज्या तिजोरीतून कंटिंजंटचा पगार वेळेवर जाई, त्याच तिजोरीत इतरांच्या पगारास पैसा उरत नसे, ही गोष्ट त्या युक्तिवादात सोयीस्करपणे वगळली जाते.

२. कर्ज आणि मुलूख

कंटिंजंटचा खर्च वाढत जाऊन १८२० नंतर तो सालीना सुमारे चाळीस लक्ष रुपयांपर्यंत पोहोचला. इंग्रज सरदारांचे भरमसाट पगार व भत्ते हे त्याचे एक प्रमुख कारण होते. बिचारा निजाम सर्वांचे देणे देतो, अशा आशयाची थट्टा खुद्द इंग्रज अंमलदारांत रूढ झाली होती. पगार वेळेवर देता यावा म्हणून दरबाराने पामर कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या मेटकाफने या पेढीचे व्यवहार उघडकीस आणले. शेवटी ते कर्ज फेडण्यासाठी १८२३ मध्ये, उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीने निजामास द्यावयाच्या सालीना सात लक्ष रुपयांच्या पेशकशीवरील हक्क १,१६,६६,६६६ रुपयांस कायमचा सोडून देण्यात आला. अशा रीतीने फौजेचा चालू खर्च भागविण्यासाठी राज्याचे कायम उत्पन्न विकले गेले. अर्थव्यवहाराच्या कोणत्याही नियमाने ही गोष्ट दिवाळखोरीची सुरुवात ठरते.

१८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला. त्यानंतर पगाराची रक्कम कंपनीच्या खजिन्यातून उचल म्हणून दिली जाऊ लागली, व ती व्याजासह निजामाच्या नावावर चढत गेली. १८४८ मध्ये डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला. या वादातील सर्वांत लक्षणीय पुरावा त्याच्याच लेखणीतून उतरला आहे. १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमाने शांततेच्या काळात कंटिंजंट पोसण्याचे बंधन निजामावर येते, असे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, अशी कबुली त्याने रेसिडेंट फ्रेझर यास दिली होती. असे असूनही त्याने कर्जाची मागणी सोडली नाही. निजामाने व त्याच्या दिवाणांनी इतकी वर्षे ही फौज मान्य केली, तिचे साहाय्य घेतले, तेव्हा तिच्या खर्चाची जबाबदारी त्यांच्यावर येते, असा त्याचा पक्ष होता. तहाचा आधार नसेल तेथे वहिवाटीचा आधार, असे या भूमिकेचे स्वरूप आहे.

१८५१ मध्ये मुलुखाची मागणी पुढे येताच निजामाने कर्जाचा मोठा भाग भरला. परंतु मूळ खर्च तसाच चालू राहिल्याने बाकी पुन्हा साचली. १८५३ मध्ये कर्नल लो याने नासिरुद्दौला निजामाशी वाटाघाटी केल्या. निजामाचा विरोध तीव्र होता. पुण्याहून गोरी फौज कूच करण्याच्या तयारीत असल्याची सूचना रेसिडेन्सीतून दिवाण सिराजुल्मुल्क याजकडे गेली, आणि २१ मे १८५३ रोजी तहावर सही झाली. या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. धाराशिव गेल्यामुळे बीडच्या लगतचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला, तर मोमिनाबाद निजामाच्याच हद्दीत राहिले.

या तहाची तीन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, कंटिंजंट ही यापुढे निजामाच्या सैन्याचा भाग न राहता, निजामासाठी इंग्रज सरकारने ठेवलेली साहाय्यक फौज झाली. तिची संख्या किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने अशी ठरली. दुसरे, सोपविलेल्या प्रांतांच्या वसुलातून फौजेच्या पगाराबरोबरच आप्पा देसाई याची चौथाई, महिपतराम याच्या कुटुंबाचा तनखा व काही मराठा निवृत्तिवेतने भागवावयाची होती. तिसरे, या सर्वांचा हिशेब इंग्रजांनी दरसाल निजामास द्यावयाचा होता, आणि उरलेला वाढावा त्याच्या खजिन्यात भरावयाचा होता.

३. हिशेबाचा हक्क

१८६० चा तह वरवर पाहता निजामाच्या लाभाचा दिसतो. १८५७ मधील मैत्रीचे बक्षीस म्हणून सुमारे पन्नास लक्षांचे कर्ज रद्द झाले, धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुरापूरचे संस्थानही निजामाच्या राज्यास जोडले गेले. परंतु त्याच तहाने निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा मागील, चालू वा पुढील कोणताही हिशेब मागण्याचा हक्क सोडला. वाढावा मिळावयाचा तो मिळेल. तो कसा निघाला हे विचारता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण वादाचे मर्म या एका कलमात आहे. १८५३ मध्ये मुलूख गेला. १८६० मध्ये त्या मुलुखाच्या पैशाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार गेला.

याचे परिणाम लवकरच दिसू लागले. वऱ्हाडच्या मुलकी कारभाराचा खर्च वसुलाच्या रुपयामागे दोन आण्यांहून अधिक होणार नाही, असे १८५३ च्या वाटाघाटींत सांगण्यात आले होते, अशी सर सालारजंग यांची तक्रार होती. प्रत्यक्षात तो पुष्कळच वाढला. खर्च वाढला की वाढावा घटे. सालारजंग यांनी १८७२ पासून एक वेगळा उपाय सुचविला. कंटिंजंटचा खर्च ज्याच्या व्याजातून निघेल इतकी रोख रक्कम निजाम सरकार अनामत ठेवील. मग तारण म्हणून वऱ्हाड अडकवून ठेवण्याचे कारण उरणार नाही. हिशेबी दृष्टीने या सूचनेत दोष काढणे कठीण होते. इंग्रज सरकारने ती नाकारली, व तारण मुलुखाचेच असले पाहिजे असा आग्रह धरला. १८७६ मध्ये सालारजंग विलायतेस जाऊन आले, तरी उत्तर बदलले नाही. खर्चाची हमी हे कारण होते की निमित्त, याचा निर्णय या नकारावरून वाचकास करता येईल.

याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातही हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहत होता. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगावर दादाभाई नौरोजी सभासद होते, आणि १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली. सैन्य वाढविण्याचा निर्णय एकाने घ्यावा व त्याचा पगार, बराकी आणि विलायतेत परतलेल्या सैनिकांची निवृत्तिवेतने दुसऱ्याने द्यावीत, या व्यवस्थेविरुद्ध हिंदी पुढाऱ्यांचा मुख्य आक्षेप होता. सालारजंग यांचा हैदराबादेतील आक्षेप तत्त्वतः याहून निराळा नव्हता. एक दरबारी होता व दुसरा लोकपक्षाचा, हा भेद मात्र विसरता कामा नये. निजामाने हिशेब मागितला तो आपल्या खजिन्याच्या वतीने. ज्या वऱ्हाडी किंवा मराठवाडी रयतेच्या साऱ्यातून हा खजिना भरे, तिला हिशेब देण्याचा विचार दोन्ही पक्षांच्या मनात नव्हता.

४. स्वाराचे स्थान

आता छावणीतील माणसाकडे वळू. कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. या पद्धतीत स्वार आपला घोडा, साज व पोशाख स्वतः आणी; सरकार त्यास दरमहा एकवट पगार देई; त्यातच घोड्याचा दाणा-वैरण, दुरुस्ती व स्वतःचा निर्वाह भागवावा लागे. दोन स्वारांमिळून एक तट्टू व एक गवत कापणारा ठेवण्याचा प्रघात शिलेदारी पलटणींत असे. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी स्वारांच्या वर्गणीतून चंदा नावाचा निधी चालविला जाई. तो अपुरा पडला की पलटणीचा सावकार होताच. पलटणीतील जागेला असामी म्हणत. एकाहून अधिक असाम्या बाळगणारा शिलेदार आपल्या घोड्यांवर बारगीर नेमी.

बांधकामाचीही हीच तऱ्हा होती. देशी पलटणींच्या लाइनी, म्हणजे शिपायांची घरे, शिपायांनी अल्प भत्त्यावर स्वतः उभाराव्यात, आणि सरदारांचे बंगले खाजगी मालकीचे असावेत, अशी एकोणिसाव्या शतकात सर्वसाधारण रीत होती. यास्तव छावणीच्या खर्चाचे जे आकडे दरबार व रेसिडेन्सी यांच्या वादात येतात, त्यांवरून छावणीचा खरा खर्च कळत नाही. त्याचा एक भाग स्वाराने आपल्या पगारातून, आपल्या घोड्यातून व आपल्या श्रमातून आधीच दिलेला असे.

वार्धक्याविषयीही हेच म्हणावे लागेल. असामीला बाजारात किंमत होती. सेवा सोडताना स्वार ती पुढच्यास देऊन पैसे घेई, आणि हीच त्याच्या उतारवयाची मुख्य पुंजी ठरे. राज्यास निवृत्तिवेतनाचा भार कमी पडे, म्हणून ही पद्धत अंमलदारांना स्वस्त वाटे. परंतु घोड्यांत साथ आली, दुष्काळात वैरण महागली किंवा सावकाराचे देणे वाढले, म्हणजे ती पुंजी नाहीशी होई. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशात ही भीती नेहमीचीच होती. १८५३ च्या तहात सरदारघराण्यांचे तनखे नावनिशीवार नोंदले गेले. साध्या स्वाराच्या म्हातारपणाचा विचार मात्र त्याच्या असामीवर सोपविलेला होता.

या पार्श्वभूमीवर १८५७ चा प्रसंग वाचला पाहिजे. त्या वर्षी औरंगाबादचे तिसरे घोडदळ मालेगावकडे रवाना झाल्याने त्याच्या जागी मोमिनाबादहून पहिले घोडदळ औरंगाबादेस आणण्यात आले. आपणांस दिल्लीकडे बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी वार्ता जूनमध्ये त्यांच्यात पसरली. आपली चाकरी निजामाच्या मुलुखापुरती आहे, हद्दीपलीकडे जाण्याचे आपण कबूल केलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याहून जनरल वुडबर्न याची तुकडी आल्यावर हा उठाव मोडण्यात आला व काहींना देहान्त शासन झाले. धार्मिक व राजकीय भावना त्यात होत्याच. परंतु स्वारांनी विचारलेला प्रश्न, ही फौज कोणाची, हाच तहाचा मूळ प्रश्न होता. १८५३ पूर्वी कर्ज निजामाच्या नावावर चढविताना ती निजामाची होती. आज्ञा देताना ती इंग्रजांची झाली. पुढे १८५८ मध्ये कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोझ याच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात लढल्या, आणि त्यांचा पगार वऱ्हाडच्या वसुलातूनच जात राहिला.

५. शेवट

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडचा वाढावा नाहीसा केला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व मीर महबूब अली खान यांच्यात झालेल्या करारान्वये वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, व कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व १९०३ मध्ये संपले. तोफखाने मोडले. पायदळाच्या पलटणी ९४ ते ९९ या क्रमांकांनी हिंदी सैन्यात गेल्या. १९२२ नंतर त्यांतून हैदराबाद रेजिमेंट व १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव आले. घोडदळाची परंपरा डेक्कन हॉर्सच्या रूपाने आजही भारतीय सैन्यात चालू आहे. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धाच्या ताणाखाली मोडली व त्यानंतर रद्द झाली.

मोमिनाबादची छावणी उठली. दाणा, वैरण, कातडी साज, नालबंदी, किराणा या धंद्यांवर जगणाऱ्या छावणीच्या बाजाराचा आधार तिच्याबरोबर गेला असला पाहिजे. या दीर्घ वादात या बाजाराचा किंवा तेथे स्थायिक झालेल्या जुन्या स्वारांचा पक्ष मांडणारा कोणीही नव्हता.

या संदर्भात अंबाजोगाईच्याच एका जुन्या स्मारकाचे स्मरण होते. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर येथे वास्तव्यास होता. त्याचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत पडला, तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ येथे देवालय बांधले. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४०, चा शिलालेख त्याची साक्ष देतो. ते स्मारक राज्याने नव्हे, बहिणीने उभारले. सेनापतीच्या पुत्राला निदान बहिणीचे द्रव्य व शिलालेख लाभला. मोमिनाबादच्या स्वाराला असामीच्या किमतीपलीकडे काही लाभले असेल असे दिसत नाही.

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, कंटिंजंटचा खर्च तहाच्या कलमावर नव्हे, तर वहिवाटीवर व दिवाणांच्या संमतीवर उभा होता, आणि हे देणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यासही ठाऊक होते. दोन, खर्चाच्या रकमेपेक्षा हिशेब मागण्याचा हक्क अधिक निर्णायक ठरला. तो १८६० मध्ये सुटल्यावर पुढील सर्व युक्तिवाद निष्फळ झाले. तीन, दोन्ही पक्षांनी ज्यास लष्करी खर्च म्हटले त्यात सैनिकाने स्वतः सोसलेला खर्च धरलेला नाही. तो धरल्यावाचून या फौजेचा आर्थिक इतिहास पूर्ण होणार नाही.

आजही सैनिकी बांधकाम व माजी सैनिकांचे कल्याण यांवरील तरतुदीची चर्चा संसदेत होते, आणि तेथे निदान प्रश्न विचारण्याचा हक्क करदात्यांच्या प्रतिनिधींना आहे. त्या हक्काचे मोल कळण्यास १८६० चा तह उपयोगी पडेल. पदव्युत्तर अभ्यासकांनी हैदराबादच्या दफ्तरखान्यातील फारसी कागद व दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील रेसिडेन्सीची दफ्तरे यांचा मेळ अंबाजोगाईतील घरोघरच्या कागदांशी, छावणीच्या विहिरींशी व कबरस्तानांशी घालावा. तहाचे कागद दोन सरकारांचे म्हणणे सांगतात. स्वाराचे म्हणणे ऐकावयाचे तर गावात जावे लागेल.